उसनी ओळख

४ फेब्रुवारी

आज मालिकेचा पहिला भाग लागला. प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या कर्टनीनं सगळ्यांना हॉटेलात बोलावलं होतं. मोठा पडदा, वाइन, फोटोवाले. मी डोकं दुखतंय म्हणून कळवलं. इतकी वर्षं या लॉस एंजेलिसमध्ये काम करतेय आणि सुरुवातीच्या पाटीत नाव आज पहिल्यांदा येणार. फजिती व्हायची असेल तर ती परक्यांसमोर नको. सरळ व्हॅन नाइसला तेन्चाकडे गेले.

तेन्चा माझी मोठी बहीण. आई मला घेऊन एल साल्वादोरहून इथं आली तेव्हा मी नकळती होते आणि तेन्चा लग्न होऊन सासरी गेलेली. ती आली पुढं, लढाईच्या दिवसांत, एकटीच, कडेवर आपल्या लेकीला, सिओमाराला, घेऊन. आई दोन घरची कामं करायची, म्हणून मला वाढवली ती तेन्चानंच. सिओमारा आता चाळिशीची आहे. आज तिनंच पुपुसा केल्या होत्या, आमच्याकडच्या मक्याच्या भरल्या भाकऱ्या.

रुफिना, म्हणजे मालिकेत मी करते ती बाई, घर सोडते तो प्रसंग पहिल्याच भागात आहे. दुपारची वेळ, नवरा यायचा आहे. ती घेवडा चुलीवर चढवते, म्हणजे घरात स्वयंपाकाचा वास राहावा. ओले कपडे दोरीवर टाकते. रेडिओवर फुटबॉलची मॅच मोठ्यानं लावते. मग पोरीला कडेवर घेते, हातात बादली, आणि विहिरीवर निघाल्यासारखी चालू लागते. पळत नाही. मूळ पटकथेत पाठलाग होता, जीप होती, गोळ्या होत्या. मी डगला म्हटलं (मालिका डगची, लिहितोही तोच), अशी बाई पळत नाही, चालते. त्यानं विचारलं, तुला कसं माहीत? मग मी सगळं सांगितलं. आईच्या शेवटच्या आजारपणात आम्ही दोघी दवाखान्याबाहेर बाकावर बसलो होतो, तेव्हा तेन्चानं ते मला एकदाच सांगितलं होतं.

प्रसंग संपला. सिओमारा माझ्याकडे न बघता आईकडे बघत होती. तेन्चानं डाव्या हाताची बाही मनगटावर ओढून घेतली. तिथं तिला तव्याचा जुना चटका आहे. पडद्यावर रुफिनाही अगदी तसंच करते. तेही तेन्चाकडूनच उचललंय.

"हे कुठंकुठं दिसतं?" तिनं विचारलं.

"जगभर."

"आपल्याकडेही?"

"आपल्याकडेही. गावात, एल सापोतेतसुद्धा, वीज असेल तर."

ती उठली आणि बशा गोळा केल्या. माझी अर्धी पुपुसा उरली होती, तीही घेऊन गेली. तिला भरून आलं होतं बहुतेक.

१७ फेब्रुवारी

बाजारात एका बाईनं माझा हात धरला आणि सोडेचना. "रुफिना, नीट पोचलात ना हो?" मी म्हटलं, पोचले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग माझ्या. अंडी तिथंच विसरले.

एका मोठ्या दैनिकात आलंय की माझ्या डाव्या हातावर वेगळा लेख लिहायला हवा. मी उजवी आहे. रुफिनाला डावखुरी मी केली, कारण तेन्चा डावखुरी आहे. चालणंही तिचंच. खोटं बोलण्याआधी जिभेनं होणारा तो बारीक आवाजही तिचाच.

आजवर काय काय केलं ते आठवत बसले होते. मोलकरीण, दुसरी मोलकरीण, खुन्याची आई, मेलेल्याची आई. एका गाजलेल्या विनोदी मालिकेत "सेन्योरा, फोन" एवढं एकच वाक्य होतं, आणि दिग्दर्शक म्हणाला, जरा तुमच्या गावाकडचं इंग्रजी येऊ दे. माझं गाव ग्लेनडेल, इथलंच उपनगर. स्पॅनिश वाहिन्यांवर गेले तर तिथं मालकिणी गोऱ्या लागतात. माझा रंग त्यांना स्वयंपाकघरापर्यंतच चालायचा. आता तेच लोक फोन करून "आमची ओदिलिया" म्हणतात. म्हणू देत. मला ऐकायला आवडतं, हेही लिहून ठेवते.

९ मार्च

तेन्चा आज स्वतःहून आली. बस बदलून. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"ओदी, ते हातानं करतेस ते बंद कर."

"काय हातानं?"

"माझं."

मी समजावलं की हे पर्व चित्रित होऊन गेलंय, त्यात आता काही बदलत नाही.

"मग पुढचं."

"पुढचं आलं तर. आणि लोकांना तेच तर आवडलंय, तेन्चा."

"लोकांना आवडायला काय. लोकांचं काय जातं."

"तुझं तरी काय जातं? कुणाला कळणार आहे? सार्जंट तर केव्हाच मेला."

सार्जंट म्हणजे तिचा नवरा. गार्डमध्ये, म्हणजे सरकारच्या लष्करी पोलिसांत, होता. आमच्या घरात त्याचं नाव कुणी घेत नसे, मला ते ठाऊकही नाही. मी त्याला कधी पाहिला नाही, फोटोसुद्धा नाही. लढाई संपता संपता मेला, असं आई सांगायची.

"आई सांगायची," तेन्चा म्हणाली. एवढंच. मग पर्स उचलली.

ती गेल्यावर मन खात राहिलं. नट कुठून ना कुठून उचलतोच. पण तिला आधी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर नाही म्हणाली असती, म्हणूनच विचारलं नाही. दुसरीकडे कुठं हे कबूल करणार नाही.

३० मार्च

पिको-युनियन वस्तीतल्या वाचनालयात आपल्या लोकांनी कार्यक्रम ठेवला होता. उभं राहायला जागा नव्हती. शेवटी एक गृहस्थ भेटले, सत्तरीच्या आसपासचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हॅट हातात. नाव सेन्योर एवेलिओ. आपल्याकडची तीळ लावलेली गोड केसादिया कागदात बांधून आणली होती.

"मी तुमच्याच भागातला, चालातेनांगोचा," ते म्हणाले. "आता टेक्सासमध्ये असतो."

"आणि इथं कुणाकडे आलात?"

"तुमच्याकडेच."

मला लाजल्यासारखं झालं. इतक्या लांबून कोण येतं. त्यांनी विचारलं, ती बाही खाली ओढणं लेखकानं लिहिलेलं, की तुमचं? मी म्हटलं, माझं.

"छान पाहिलंयत. एकच सांगतो, राग मानू नका. ती बाहेर पडते तेव्हा कुत्रं भुंकतं. तिथं कुत्रं नव्हतं."

"तिथं म्हणजे?"

"अशा घरात. बाई असं काही ठरवते तेव्हा कुत्र्याची सोय आधी लावते."

केवढं बारीक लक्ष. आमच्या लेखकांत असा एक माणूस हवा होता. कर्टनीला सांगितलं तर म्हणाली, अशा चाहत्यांना जपा, हेच तोंडी प्रचार करतात.

२१ एप्रिल

सेन्योर एवेलिओ पुन्हा शहरात आलेत. कॉफीला बोलावलं म्हणून गेले. या धंद्यात मला कुणी "ओदिलिया, तुमचं जेवण झालं का" असं विचारत नाही. ते विचारतात.

रुफिनाविषयीच बोलत होते. म्हणाले, चुलीवरचा घेवडा पुढं काय झाला ते तुम्ही दाखवलं नाही.

"करपला असेल," मी म्हटलं.

"करपलाच. भांडं फेकून द्यावं लागतं. आणि तो वास जात नाही. भिंतींना चुना दिला तरी नाही." बोलताना ते चमचा ढवळत राहिले, कॉफी गार होईपर्यंत.

घरी कोण असतं म्हणून विचारलं.

"बायको गेली," ते म्हणाले.

"वाईट झालं."

"वाईट झालं."

मग म्हणाले, रुफिना अशी हवेतून येत नाही, कुणीतरी तुमच्या जवळचीच असणार. मी "बहीण" म्हणून गेले. सांगायचं नव्हतं, पण कौतुक ऐकताना माणूस सैल होतो. लगेच विषय बदलला. त्यांच्या केसादियाची तारीफ केली आणि म्हटलं, अशीच व्हॅन नाइसलाही मिळते, माझी बहीण काम करते त्या बेकरीत, शाळेसमोर.

"बहिणीची तब्येत बरी असते ना?"

"ठणठणीत. काम सोड म्हटलं तर ऐकत नाही."

"तशा बाया ऐकत नाहीतच," ते म्हणाले, आणि माझ्या आधी बिल भरून मोकळे झाले.

६ मे

मुलाखती. रुफिना कुणावरून घेतली, हा एकच प्रश्न किती तऱ्हांनी विचारता येतो ते शिकतेय; घरातल्याच एका बाईवरून, एवढं सांगते. कर्टनीला "खरी रुफिना" कॅमेऱ्यासमोर हवी आहे. मी नाही म्हटलं. तेवढं तरी तेन्चासाठी केलं.

१६ जुलै

नामांकन मिळालं. मोठ्या पुरस्काराचं. आमच्या मायदेशातली बाई या यादीत याआधी कधी आली नाही, असं कर्टनी म्हणते. कर्टनीला इतिहासासाठी पगार मिळत नाही, तेव्हा खरं-खोटं देव जाणे. पण फोन थांबत नाहीये. डग रडला.

सगळ्यांत पहिला फोन सेन्योर एवेलिओंचा होता. "अभिनंदन. आणि तुमच्या बहिणीचंही," म्हणाले.

तेन्चाला मीच फोन केला. "देव तुझं भलं करो," ती म्हणाली. आणि मग, "माझं नाव कुठं घेऊ नकोस."

२८ जुलै

सिओमाराचा फोन. "मावशी, आई बेकरीत जायचं नाही म्हणते. समोर कुणीतरी बसलेला असतो म्हणते. आत येत नाही, पाव घेत नाही. नुसता असतो."

"तिनं पाहिला का त्याला?"

"नीट नाही. उन्हात चेहरा दिसत नाही, हॅट असते म्हणाली."

मी म्हटलं, अगं, माझी बहीण म्हणून कुणी बघायला येत असेल. आता सवय करायला हवी. आईला म्हणावं केस नीट विंचरून जात जा. सिओमारा हसली नाही. पूर्वी माझ्या फालतू विनोदांनाही हसायची.

तेन्चाचं वय झालं आता. एकटी राहून मन असं कुठंतरी अडकतं. तिला माणसांत आणायला हवं.

१० ऑगस्ट

आमच्या चर्चच्या हॉलमध्ये पुढच्या रविवारी माझा सत्कार. प्रार्थना, मग जेवण. तेन्चाला तयार केली. सरळ सांगते, रडून तयार केली. "एकदा माझ्या शेजारी उभी राहा. सगळ्यांच्या आया येतात. माझी आई नाही, तूच आहेस." मग म्हणाली, "फोटो नको. आणि बाहेरचं कुणी नको."

"सगळे आपलेच," मी म्हटलं.

सेन्योर एवेलिओंना फुलं द्यायला बोलावलंय. गावाकडचा वडीलधारा माणूस, त्यांच्या हातून घेणं शोभून दिसेल. तेन्चाला आधी सांगितलं नाही. तिला आपल्या भागातलं कुणी इतक्या वर्षांत भेटलेलं नाही. खूश होईल. त्यांनीही मला विचारलं होतं, बहीण येणार का. मी म्हटलं, येणार.

१८ ऑगस्ट

काल लिहिता आलं नाही.

हॉल भरला होता. तेन्चा निळ्या झग्यात आली, सिओमारा बरोबर. इतकी छान दिसत होती की मी तिला दारातच मिठी मारली. मग मला कुणीतरी फोटोला ओढलं. तिथून मला दिसलं ते एवढंच. सेन्योर एवेलिओ कार्नेशनची फुलं घेऊन जेवणाच्या टेबलापाशी उभे होते. तेन्चा त्यांच्यासमोर आली आणि थांबली. दोघांत एक टेबल. त्यांनी हॅट काढली. ती काहीतरी बोलली. मग तिनं एक ताट घेतलं, पुपुसा वाढल्या, वर कोबीचं लोणचं, आणि त्यांच्यापुढं ठेवलं. तिचा हात अगदी स्थिर होता. मला वाटलं, बरं झालं, ओळख निघाली. मी फोटोवाल्याकडे बघून हसले.

भाषणं सुरू झाली तेव्हा तेन्चाची खुर्ची रिकामी. सिओमाराचीही. स्वयंपाकघरातल्या बाया म्हणाल्या, मागच्या दारानं गेल्या.

मी सेन्योर एवेलिओंकडे गेले. ताट तसंच होतं, एक घासही मोडलेला नव्हता.

"बहीण गेली वाटतं," मी म्हटलं.

"हो. ती अजूनही तशीच निघते. न सांगता."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. वाचनालयातलं कुत्रं, करपलेला घेवडा, चुना दिलेल्या भिंती, सगळं एकदम माझ्या डोक्यात उभं राहिलं. शेवटी म्हटलं, "तुम्ही मेला होतात."

"असं तुम्हाला सांगितलं होतं का?" त्यांनी हातरुमालानं बोटं पुसली, जेवले नव्हते तरी. "मी कितीतरी वर्षं शोधलं, ओदिलिया. मग एक दिवस टीव्ही लावला आणि ती माझ्यासमोर बादली घेऊन चालत होती. चेहरा तुमचा होता, पण मी माझ्या बायकोला चालण्यावरून ओळखणार नाही का?"

"काय हवंय तुम्हाला तिच्याकडून?"

"एक बोलणं राहिलंय. नवरा-बायकोचं."

तेवढ्यात पाद्रीबाबांनी माझं नाव पुकारलं. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. आणि मी गेले. पायांना सवय होती, म्हणून गेले. फुलं त्यानंच आणून माझ्या हातात दिली आणि सगळ्यांसमोर माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं.

१९ ऑगस्ट

तेन्चाचा फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता.

"पत्ता दिलास त्याला?"

"घराचा नाही. बेकरीचं बोलून गेले."

"बरं." तिच्या जिभेचा तो आवाज झाला नाही, म्हणजे ती खरंच बोलत होती. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, पोलिसांत जाऊ. ती म्हणाली, काय सांगशील? म्हातारा माणूस फुलं घेऊन आला, मी त्याला जेवायला वाढलं.

"मला माफ कर, तेन्चा. मला माहीत नव्हतं."

"तुला माहीत नसावं म्हणूनच आईनं त्याला मारून टाकला. त्याच्या भीतीनं तुला झोप लागत नसे." मग तिनं मला निकोलासाची गोष्ट सांगितली. हा भाग तेव्हा बाकावर सांगितला नव्हता. निकोलासा म्हणजे एल सापोतेतली शेजारीण. तिनंच तेन्चाला आपली शाल दिली, बसच्या थांब्यापर्यंत सोडलं. तो घरी परतल्यावर पहिल्यांदा तिच्याकडे गेला. निकोलासा पुढं कुणाला दिसली नाही. तिची मुलं विहिरीवर आईला हाका मारत फिरत होती, हे तेन्चाला फार पुढं कळलं.

"म्हणून मी कुठं जातेय ते तुला सांगणार नाही," ती म्हणाली. "तुला शिक्षा म्हणून नाही, ओदी. तुला माहीत नसलं, तर तुझ्याकडून कुणाला काढून घेता येणार नाही."

"मी सांगणार नाही. शपथ घेते."

"तू सांगणार नाहीस. पण तू करून दाखवशील."

तिनं फोन ठेवला.

२ सप्टेंबर

व्हॅन नाइसचं घर रिकामं. घरमालकाला काही ठाऊक नाही. सिओमारानंही नोकरी सोडली. बेकरीतली बाई माझ्याशी बोलायला तयार नव्हती. तिथल्या काचेवर माझं छायाचित्र चिकटवलेलं होतं, कुठल्यातरी मासिकातलं. मी तिला म्हटलं, ते काढाल का? ती म्हणाली, गिऱ्हाइकांना आवडतं.

पोलिसांकडे गेलेच. तिथला अधिकारी भला होता. सही मागितली, बायकोसाठी. बाकी सगळं ऐकून म्हणाला, या माणसानं इथं काही गुन्हा केल्याचं दिसत नाही. जुनं तिकडचं काही सिद्ध करता आलं तर बघू. कोण सिद्ध करणार? निकोलासा?

माझ्या घरासमोरच्या फुटपाथवर तो आज उभा होता. मला बघून हॅट उचलली.

१६ सप्टेंबर

मिळाला. पुरस्कार मला मिळाला.

कर्टनीनं भाषण लिहून दिलं होतं, त्यात "माझी बहीण, जिनं मला चालायला शिकवलं" असं वाक्य होतं. मला ते कधी सांगितल्याचं आठवत नाही, पण सांगितलं असणार. मी सगळ्यांनाच सगळं सांगत आले. मंचावर उभी राहिले, समोर ते सगळे चेहरे. बरोबरच्या नटांचे आभार मानले, डगचे मानले, इतकी वर्षं दुसरी मोलकरीण झालेल्या सगळ्या बायांचे मानले. त्याला मोठ्या टाळ्या पडल्या. बहिणीचं नाव घेतलं नाही. या सगळ्यात मी एकटीच आहे असं दिसायला हवं होतं.

आत कॅमेऱ्यांच्या गर्दीत एकानं विचारलं, रुफिना कुणावरून घेतली? मी म्हटलं, कुणावरून नाही. मनानं रचली.

"पण तुम्ही मे महिन्यात म्हणाला होतात की..."

"खोटं बोलले होते. तेवढंच विकलं जातं."

कर्टनीचा चेहरा पडला. मला हा दिवस कसा वाटेल, याची स्वप्नं मी लहानपणापासून पाहिली होती. खरं सांगायचं तर आनंद झाला. पुरस्कार हातात आल्यावर क्षणभर झालाच. म्हणून स्वतःची किळस आली.

११ नोव्हेंबर

दुसऱ्या पर्वाचं चित्रीकरण सुरू. डगनं लिहिलंय की रुफिनाचा नवरा तिला शोधत येतो. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, गोष्टीत हेच व्हायला हवं, नाही का? मग मला विचारलं, "ती कुठं लपेल? अशी बाई काय करेल? तुला माहीत असतं."

"मला माहीत नाही," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य मला इतकं आवडलं.

मी रुफिनाला पुसायला घेतलंय. डावखुरेपण एकदम टाकता येत नाही, लोकांच्या लक्षात येईल. म्हणून पहिल्या भागात हाताला बँडेज मागून घेतलं. बँडेज निघाल्यावर हात आखडलेलाच ठेवला. बाही ओढत नाही. चालणं बदललं. बुटात खडा टाकून चालते, दुसरीच कुणीतरी वाटते. एका दृश्यात खोटं बोलायचं होतं, जीभ आपोआप उचलली गेली. कट म्हटलं, पुन्हा घेतलं. आतमध्ये तेन्चा इतकी मुरलीय हे मला माहीत नव्हतं. कुठंही हात घालावा तर तीच निघते.

डग म्हणाला, "ओदी, बरं नाहीये का? गेल्या वर्षी तू उभी राहिलीस तरी अंगावर काटा यायचा."

"बाईचं वय झालं," मी म्हटलं.

नंतर त्याला फोनवर कुणाला तरी सांगताना ऐकलं, पुरस्कार मिळाला की हे असंच होतं.

२३ जानेवारी

तो कधी दिसतो, कधी दिसत नाही. दिसत नाही तेव्हा जास्त भीती वाटते. मग वाटतं, त्याला ती सापडली. सिओमाराचा काही पत्ता नाही. तेन्चाचा वाढदिवस होता. कुणाला फोन करायचा ते कळेना, म्हणून चर्चमध्ये मेणबत्ती लावली. नाव न घेता.

१० मार्च

दुसरं पर्व लागलं. पहिल्याच आठवड्यात बातमी: रुफिनाची धार गेली. त्याच दैनिकात, ज्याला माझ्या हातावर लेख लिहायचा होता. म्हणे, ती आता कुणीही बाई वाटते. ते वाक्य कापून ठेवावं इतकं मला बरं वाटलं. मग वाटलं, नको, घरात काही ठेवायलाच नको.

२ एप्रिल

तिसऱ्या पर्वात रुफिना नसेल. डगनं समोर बसवून सांगितलं, फार चांगल्या शब्दांत. मी त्याला मिठी मारली. तो बिचारा गोंधळला.

मिचचा, म्हणजे माझ्या एजंटचा, फोन आला. एका मालिकेत आईचं काम आहे, गुन्हेगाराच्या. घेशील का? म्हटलं, घेईन.

१४ एप्रिल

दुपारी भाजी चिरत होते, फोन उचलला नाही. मग निरोप ऐकला.

"नमस्कार, ओदिलिया. एवेलिओ बोलतोय. नवीन पर्व पाहिलं. एकही भाग चुकवला नाही. काही भाग पुन्हा पाहिले." आवाज थकलेला होता, पहिल्यांदाच म्हाताऱ्या माणसाचा वाटला. "यंदा ती कुठंच दिसली नाही. काय केलंत तिचं?"

मी खुर्चीवर बसले. म्हणजे त्याला ती सापडलेली नाही. अजून नाही. आणि तो तिला माझ्यातच शोधत होता.

इतक्या वर्षांत माझ्या कामाला मिळालेली ही सगळ्यांत मोठी दाद. ती कुणाला सांगता येणार नाही.

निरोप पुन्हा लावला. त्याच्या आवाजामागं रहदारी ऐकू येत होती आणि एक शाळेची घंटा. टेक्सासची की इथली, बेकरीसमोरच्या शाळेची, कळायला मार्ग नाही. उठून दाराची कडी बघून आले. लागलेली होती. मग खिडकीची बघितली.